तेज घोड्याला सोबत आणताना: घाई कुठे नडते

प्रश्नकर्त्यांकडे सात वर्षांचा खच्ची केलेला घोडा आहे. तो अंगाने तेज आहे. पाचोळा उडाला तरी बिचकतो, फाटक उघडताच उसळी घेतो आणि वर्षभर एकटा राहिल्यामुळे कुंपणाच्या कडेने येरझारा घालून त्याने तिथली माती उकरून काढली आहे. त्यांना स्वतःला घोडा सांभाळायला लागून फार काळ झालेला नाही. आता त्याच्या सोबतीला पंधरा वर्षांची शांत घोडी येत आहे. दोघांना पहिल्याच दिवशी एका मैदानात सोडावे का, अशी त्यांची विचारणा आहे. कारण ‘घोडे आपापसांत ठरवून घेतात, माणसाने मधे पडू नये’ असे त्यांना बऱ्याच जणांनी सांगितले आहे.

हा सल्ला अर्धा खरा आहे. बहुतेक घोडे एकमेकांशी जमवून घेतात, कारण कळपात राहणे हा त्यांचा स्वभावच आहे आणि एकमेकांना इशारा देण्याची व तो ओळखण्याची त्यांची रीत पक्की असते. मात्र जखमा आणि अपघात होतात ते बहुधा स्वभाव न जुळल्यामुळे नव्हे, तर पळायला जागा अपुरी पडल्यामुळे, दाण्याच्या बादलीमुळे, आणि चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसामुळे. म्हणूनच नवख्या मालकाने घोड्यांच्या मनाची चिंता थोडी कमी करावी आणि जागा, चारा व स्वतःचे वावरणे या तीन गोष्टी आधी लावून घ्याव्यात. पहिल्या दिवशी सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याचे पहिले कारण भांडण नसून आजार हे आहे.

नवा घोडा कितीही ठणठणीत दिसला तरी त्याला किमान दोन आठवडे, आणि जमल्यास 21 दिवस, वेगळे ठेवावे. स्ट्रँगल्स या घशाच्या गाठी सुजवणाऱ्या संसर्गाची लक्षणे लागण झाल्यावर साधारणपणे 3 ते 14 दिवसांत दिसू लागतात. प्रवासाचा ताण पडला की दबलेले आजार वर येतात, त्यामुळे पहिला आठवडा विशेष महत्त्वाचा असतो. या काळात सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे साधा थर्मामीटर. प्रौढ घोड्याचे विश्रांतीतील तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो, आणि नाकातून जंतू बाहेर पडायला त्यानंतर एक-दोन दिवस जातात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवणाऱ्या मालकाला आजार पसरण्याआधी हाताशी थोडा अवधी मिळतो. काही घोडे बरे झाल्यानंतरही घशाजवळच्या पोकळ्यांमध्ये हे जंतू बाळगून असतात आणि बाहेरून त्यांची कोणतीही खूण दिसत नाही. घोडी जिथून येत आहे तिथे अलीकडे असा आजार होऊन गेला असेल, तर त्या पोकळ्यांची तपासणी करून घ्यावी की नाही, हे पशुवैद्यांना विचारावे. ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शियस ॲनिमिया या घोड्यांच्या दोन गंभीर संसर्गजन्य आजारांच्या चाचण्यांचे अहवालही घोडी येण्यापूर्वीच मागून घ्यावेत. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे तिथे भिडेला जागा नाही.

वेगळे ठेवणे म्हणजे नजरेआड ठेवणे नव्हे. एकटी पडलेली घोडी चारा सोडते, आणि पलीकडून खिंकाळी ऐकू येत असूनही काहीच दिसत नसल्यामुळे आपला घोडा अधिकच बेभान होतो. दोघे एकमेकांना दिसतील, पण खोकल्याचे वा शिंकेचे तुषार पोहोचणार नाहीत, एवढे अंतर ठेवावे. 25 मीटर वा त्याहून जास्त मिळाले तर उत्तम. घोडीची बादली, खरारा, मोरकी, लीद उचलण्याचे फावडे सगळे निराळे असावे. रोज आधी आपल्या घोड्याचे करावे, मग घोडीचे, आणि नंतर हात व बूट धुवावेत. याच काळात तिच्या लिदीची जंतांसाठी तपासणी करून घ्यावी, तिचे दात व खूर पाहून घ्यावेत, धनुर्वाताची लस कधी दिली आहे याची नोंद तपासावी, आणि तिचा पूर्वीचा दाणा बदलायचा असेल तर तो एकदम न बदलता सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावा. पोटशूळ आणि नवी ओळख एकाच आठवड्यात अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

हे तीन आठवडे आपल्या घोड्यासाठीही वापरायचे आहेत, आणि नवख्या मालकांच्या बाबतीत मी याच भागावर सर्वाधिक भर देतो. घोडी शेजारच्या वाड्यात आल्यानंतर तो आणखी फुरफुरणार, शेपूट उंच धरून पळणार, हाक मारली तरी लक्ष देणार नाही. म्हणून त्याआधीच त्याला चार गोष्टी पक्क्या याव्यात: बागडोर धरून चालताना आपल्या खांद्यापुढे न जाणे, सांगितल्यावर थांबणे, हात छातीशी नेला की दोन पावले मागे सरणे, आणि मैदानात पकडू देणे. यांपैकी मागे सरणे ही गोष्ट फाटकापाशी जीव वाचवणारी आहे. ती येत नसेल तर एखाद्या अनुभवी शिक्षकाला दोन-तीन वेळा बोलवावे आणि मगच पुढे जावे. तेज घोडा आणि बेशिस्त घोडा यांत फरक आहे. पहिल्याचा जोर शिकवणुकीने वळवता येतो, आणि ज्याला तेज म्हटले जाते तो कित्येकदा केवळ एकटा, कमी फिरवलेला आणि गरजेपेक्षा जास्त दाणा खाणारा घोडा असतो. दाण्याचे प्रमाण आताच कमी करावे आणि पोट गवतावर, सुक्या चाऱ्यावर भरू द्यावे. मोकळ्यावर चरणारा घोडा दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारण सोळा तास खाण्यात घालवतो. त्याला दोन वेळा तोबरा बांधून बाकीचा वेळ रिकामे ठेवले की ती ऊर्जा कुठेतरी निघणारच.

जागेबद्दल मी कठोर आहे. लहान गोल रिंगणात वा अरुंद वाड्यात दोन अनोळखी घोड्यांना कधीही सोडू नये. पळून जाणे हे घोड्याचे पहिले उत्तर असते. पळायला वाव असेल तर तो लाथ मारायच्या भानगडीत पडत नाही. मैदान जितके मोठे तितके बरे, पण आकारापेक्षाही कोपरे घातक असतात. पाठलाग झालेला घोडा कोपऱ्यात सापडला की त्याला दोनच मार्ग उरतात: वळून लाथा झाडणे किंवा कुंपण फोडणे. कोपऱ्यांत तिरक्या फळ्या वा आडवे वासे लावून त्यांना गोलाई द्यावी. काटेरी तार असेल तर घोडी सोडण्याचा विचारच करू नये, आधी तार काढावी. विजेच्या पट्ट्यांचे कुंपण चालते, परंतु ते कुठे आहे हे घोडीला ठाऊक असले पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी तिला भर उजेडात हाती धरून कुंपणाच्या कडेने संपूर्ण फेरी मारून आणावी आणि पाण्याची जागा दाखवावी. आडोसा असेल तर त्याला आत-बाहेर जायला दोन वाटा किंवा एक पूर्ण उघडी बाजू हवी. जमीन कोरडी हवी. चिखलात धावणारे घोडे घसरतात आणि मग दोष मात्र भांडणाला दिला जातो.

नालबंदाला आधीच बोलावून दोघांचेही मागच्या पायांचे नाल काढून घ्यावेत. उघड्या खुराची लाथही लागतेच, पण लोखंडी नालाची लाथ हाड मोडते. नायलॉनची मोरकी घालून सोडू नये, कारण ती खुंटाला, फाटकाच्या कडीला किंवा दुसऱ्याच्या खुरात अडकते. मोरकी घालायचीच असेल तर झटका बसताच तुटणारी चामड्याची असावी.

आता भेटीकडे येऊ. पहिली पायरी शेजारशेजारच्या वाड्यांची. मधे दोन-तीन मीटरची मोकळी पट्टी असलेले दुहेरी कुंपण असेल तर सुरुवातीचे दिवस ते फार उपयोगी पडते, कारण एकाच कुंपणाच्या फळ्यांमधून पुढचा पाय आरपार जाऊन अडकण्याची भीती राहत नाही. दोघांचा चारा आपापल्या बाजूला, परंतु एकमेकांच्या दृष्टीस पडेल असा टाकावा. पहिल्या दिवशी येरझारा, खिंकाळणे, शेपट्या उंच, हे सगळे होईल. जेव्हा दोघे कुंपणाच्या दोन्ही अंगांना मान खाली घालून सावकाश चारा खातात आणि मधूनच एक जण एका मागच्या पायाला विसावा देऊन उभ्याउभ्या डुलकी घेतो, तेव्हा ही पायरी झाली असे समजावे. काहींना तीन दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. तारखेवर नव्हे, त्या विसावलेल्या पायावर नजर ठेवावी.

त्यानंतर नाकाला नाक लागेल अशी संधी मजबूत, गुळगुळीत आणि छातीइतक्या उंच कुंपणावरून द्यावी. इथे नवखी माणसे हमखास एक चूक करतात: दोन जण दोन बागडोरी धरून घोड्यांना समोरासमोर आणतात. असे कधीही करू नये. नाके जवळ येतात, नाकपुड्या फुलतात, दोघे एकमेकांच्या श्वासाचा वास घेतात, माना ताठ होऊन कमानीसारख्या वाकतात, क्षणभर सगळे स्तब्ध होते, आणि मग कर्कश किंकाळीसरशी पुढचा पाय विजेच्या वेगाने समोर फेकला जातो. तो पाय नेमका तिथेच पडतो, जिथे बागडोर धरणारा माणूस उभा असतो. शिवाय दोरीने मान बांधलेल्या घोड्याला मागे हटून ‘मला भांडायचे नाही’ हे सांगता येत नाही. दोघांना मोकळे ठेवावे आणि आपण कुंपणाबाहेर राहावे. ती किंकाळी आणि तो पाय पाहून घाबरू नये, ओळखीतला तो नेहमीचा प्रकार आहे. पाच-सहा वेळा झाल्यावर तो ओसरतो.

एकत्र सोडण्याचा दिवस निवडताना घोडी माजावर नाही ना, हे पाहावे. मोठ्या दिवसांच्या ऋतूत तिचे चक्र साधारण 21 दिवसांचे असते आणि त्यांतले पाच ते सात दिवस ती माजावर असते. खच्ची केलेला घोडाही, विशेषतः उशिरा खच्ची केलेला असल्यास, अशा वेळी तिच्यावर चढू पाहतो किंवा तिला हाकत राहतो. हे वर्तन वारंवार आणि आक्रमकपणे दिसले, तर एक अंडकोष पोटात राहून गेलेला नाही ना, याची रक्ततपासणी करून घेता येते.

दिवस सकाळचा असावा, म्हणजे अंधार पडण्याआधी पुष्कळ तास हाती राहतात. वारा सुटलेला नसावा. आपल्या घोड्याला आधी हलकासा फिरवून आणावा. थकवू नये, फक्त अंगातली पहिली रग जाऊ द्यावी. पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय गुंगीचे औषध देऊ नये, कारण गुंगीतल्या घोड्याला समोरच्याचा इशारा वेळेवर कळत नाही, आणि त्याची लाथ मात्र शाबूत असते. मैदानात चाऱ्याचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवावेत. दोघांसाठी मी चार सांगतो, एकमेकांपासून किमान दहा मीटरवर आणि कुंपणापासून दूर. पाण्याची दोन भांडी दोन टोकांना ठेवावीत. दाणा अजिबात नाही. आधी घोडीला एकटीला थोडा वेळ आत राहू द्यावे, मग घोडा आणावा. असे केल्याने जागेवर हक्क सांगण्याचा त्याचा ताठा थोडा उतरतो.

सोडताना फाटकातून आत गेल्यावर घोड्याचे तोंड आपल्याकडे आणि फाटकाकडे वळवावे, घोडी दूर आहे याची खात्री करावी, मोरकी काढावी आणि आपणच मागे सरकत बाहेर यावे. तोंड मैदानाकडे असताना सोडलेला तेज घोडा पहिल्याच उडीत मागचे पाय झाडतो, आणि त्या पायांच्या टप्प्यात आपणच असतो. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, पायात मजबूत बूट असावेत. दोरी हाताला गुंडाळू नये. सोबत एक अनुभवी माणूस असावा. हौसेने जमलेली प्रेक्षकमंडळी आणि कुत्री नसावीत.

पुढचा पाऊण तास बघवत नाही, पण बघावा लागतो. पाठलाग होईल, कान मागे चिकटतील, साप सरकावा तशी मान जमिनीलगत पुढे काढून घोडा घोडीला हाकेल, घोडी पुठ्ठा, म्हणजे अंगाचा मागचा भाग, वळवून दाखवेल, हवेत लाथा झडतील. यांतले बरेचसे केवळ बोलणे असते. पाहायचे ते एवढेच, की बोलणे ऐकले जाते आहे का. घोडी बाजूला झाल्यावर घोडा थांबतो का? घोडीने पुठ्ठा वळवल्यावर तो अंतर राखतो का? मधेमधे दोघे मान खाली घालून चरतात का? उत्तर ‘होय’ असेल तर हात बांधून उभे राहावे. माघार घेतल्यावरही तो सोडत नसेल, कोपऱ्यात धरून चावत असेल, गुडघे टेकवून पायांना दात लावत असेल, किंवा घोडी घामाने निथळत कुंपणावर छाती घालू पाहत असेल, तर थांबवावे. थांबवणे म्हणजे मधे धावणे नव्हे. कुंपणाबाहेरून आवाज करावा, चाऱ्याची पेंडी दूर फेकावी, शेजारच्या वाड्याचे फाटक उघडून घोडीला वाट द्यावी. दोन घोड्यांच्या मधल्या जागेत माणसाचे काही काम नाही. घोड्याला चहूबाजूंचे बरेच दिसत असले तरी अगदी मागचे दिसत नाही, आणि भांडणाच्या भरात तो कोणाला लाथ मारतो आहे हे तो पाहत बसत नाही.

पहिल्या दिवशी तीन-चार तासांनी दोघांना वेगळे करून शेजारशेजारच्या वाड्यांत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडावे. रात्री एकत्र ठेवण्याची घाई करू नये. तीन-चार दिवस सलग शांततेत गेल्यावरच ते करावे. रोज दोघांच्या अंगावरून हात फिरवावा. चाव्याने केस गेलेले ठिपके किंवा वरवरचे ओरखडे क्षुल्लक असतात. लाथ मात्र पायाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या किंवा मागच्या टाचेच्या सांध्याच्या वरच्या भागात बसली असेल, तर जखम नखाएवढी दिसली तरी पशुवैद्यांना बोलवावे. तिथे हाडावर फक्त कातडी असते, हाडाला बारीक चीर जाऊ शकते, आणि ती चीर काही दिवसांनी घोडा उठता-बसताना पूर्ण तुटून वेगळी होऊ शकते. सांध्याजवळची लहान, खोल जखमही तशीच फसवी असते.

आणखी एक खूण सहसा कोणी पाहत नाही. सकाळी दोघांच्या कुशीवर माती किंवा काडीकचरा लागलेला आहे का, हे पाहावे. उभ्याने घोडा हलकी झोप घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ तरी आडवे व्हावेच लागते, आणि निर्धास्त वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. एकाची कूस रोज मळलेली आणि दुसऱ्याची दिवसेंदिवस स्वच्छ असेल, तर वरवर शांतता दिसली तरी दुसरा दबून आहे. याउलट, दोघे शेजारी उभे राहून एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवू लागले, तर निम्म्याहून अधिक काम झाले. त्या जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाची गती खरोखरच मंदावते.

दाण्याबद्दल नियम एकच: मोकळ्या सोडलेल्या दोन घोड्यांमध्ये बादली घेऊन जायचे नाही. कितीही ओळख झाली तरी नाही. दाणा वेगवेगळ्या ठिकाणी, बांधून किंवा दाराआड द्यावा आणि दोघांचा संपल्यावरच सोडावे. खिशात गाजर ठेवून मैदानात जाण्याची सवयही मोडावी, कारण नव्या जोडीत त्या गाजरासाठी होणारी ढकलाढकल माणसाच्या अंगावर येते.

जोडी जमली की नवी अडचण उभी राहते आणि नवख्या मालकांना तीच जास्त त्रास देते. ज्याला वर्षभर कोणी नव्हते तो घोडा आता घोडीला क्षणभरही सोडायला तयार होत नाही. तिला बाहेर काढले की तो कुंपणाशी धावतो, त्याला बाहेर नेले की तो जागच्या जागी गिरक्या घेतो आणि मागे पळू पाहतो. हे टाळायचे तर ताटातूट लहान-लहान घासांत शिकवावी. पहिल्या आठवड्यापासूनच रोज एकाला मिनिटभर फाटकाबाहेर नेऊन आणावे. राहिलेल्यापुढे चारा असावा. तो शांत असतानाच परत यावे. मग पाच मिनिटे, मग कोपऱ्यापलीकडे, मग दृष्टीआड. आलटून पालटून दोघांनाही नेत जावे, म्हणजे जाणारा आणि राहणारा या दोन्ही भूमिका दोघांना सवयीच्या होतात. या काळात एकट्याने स्वार होऊन लांब जाण्याचा मोह आवरावा. सुरुवातीला पायी, हाती धरूनच न्यावे. जागा आणि खर्च झेपत असेल तर तिसरे जनावर हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे, कारण मग मागे राहणारा कधीच एकटा नसतो.

महिना-दीड महिना नीट प्रयत्न करूनही घोडी दबलेलीच राहिली, तिचे वजन उतरू लागले किंवा नव्या जखमा थांबेनात, तर हट्ट धरू नये. मजबूत कुंपणाच्या दोन बाजूंना, नाकाला नाक लावता येईल आणि शेजारी उभे राहून खाजवता येईल, असे कायमचे ठेवले तरी दोघांनाही सोबत मिळते. म्हणून घोडी घेतानाच मूळ मालकांशी दोन महिन्यांच्या चाचणीची बोली करून ती कागदावर घ्यावी, आणि तोवर मधले कुंपण काढून टाकू नये.